कपाटाने पोळलेय, आता पलंग फुंकून घ्यायचाय

कुशीबदल

नमस्कार. लांबलचक आहे, आधीच माफी मागते.

सात महिन्यांपूर्वी लेकीच्या खोलीत तीन दारांचं कपाट आणलं. ती नऊ वर्षांची. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "आई, कपाट उघडलं की डोळे चुरचुरतात." मी म्हटलं, नवीन आहे, जाईल वास. वास कमी झालाय, पण गेलेला नाही. मागच्या महिन्यात चार दिवस बाहेरगावी होतो, घर बंद. परत येऊन तिच्या खोलीचं दार उघडलं तर नाकात सुई टोचावी तसा भपका. आणि खरी चीड येते ती कपड्यांमुळे. स्वच्छ धुतलेला, उन्हात वाळवलेला सदरा घडी करून ठेवावा, तर दुसऱ्या दिवशी त्याला कपाटाचा वास.

घेताना विचारलं नव्हतं असं नाही. "लाकूडच आहे ना?" या प्रश्नाला "मॅडम, इंजिनिअर्ड वूड, प्रीमियम क्वालिटी" असं उत्तर मिळालं आणि मी त्यातलं 'वूड' एवढंच ऐकलं. पुढे एका बिजागरीपाशी फळी फुगली तेव्हा आतला भुसा दिसला. पार्टिकल बोर्ड, म्हणजे गोंदाने दाबलेला लाकडाचा चुरा.

आता तिच्यासाठी पलंग घ्यायचाय. खोली दहा बाय नऊ फूट, खिडकी एकच, आणि पोरगी रोज नऊ-दहा तास त्या पलंगावर तोंड खुपसून झोपणार. या वेळी कुणाच्या नुसत्या शब्दावर जायचं नाही असं ठरवलंय. समोर तीन पर्याय आहेत.

पहिला तयार पलंग, एमडीएफचा (लाकडाचे बारीक तंतू गोंदाने दाबून केलेला बोर्ड), खाली ड्रॉवर. त्यावर 'ई झीरो'चं हिरवं स्टिकर आहे. मी मुद्रितशोधन करते, त्यामुळे डोळा जातोच: स्टिकरवर ईपुढे शून्य नाहीये, इंग्रजी ओ हे अक्षर आहे. खाली ना कंपनीचं नाव, ना कसला क्रमांक. फक्त एक पान काढलंय, झाडाचं. याचा अर्थ काय म्हणून विचारलं तर विक्रेता म्हणाला, "इको, मॅडम, इको."

दुसरा पर्याय ओळखीच्या सुतारांचा. ते म्हणतात मरीन प्लाय वापरतो, वरून लॅमिनेट, तुमची लेक झोपेल त्यावर. तिसरा भरीव लाकडाचा साधा पलंग, ज्यात कप्पे वगैरे काही नाहीत आणि जो आमच्या ऐपतीच्या जरासा पलीकडे आहे.

तर प्रश्न. भरीव लाकूड म्हणजे आपोआप सुरक्षित का? त्या स्टिकरला काही अर्थ आहे का? आणि या कपाटाचं काय करू? फेकून द्यायचं जिवावर येतंय.

आळसोबा

आमच्या अख्ख्या पिढीने प्लायच्या पलंगावर झोपा काढल्या. एवढं काही होत नाही. खिडकी उघडी ठेवा, चार महिन्यांत वास विसराल.

कुशीबदल

आळसोबा, सात महिने झाले असं वर लिहिलंय. धागा वाचताना झोप लागली असेल तर समजू शकते.

रंधा

ताई, मी सुतारकाम करतो, वडिलांच्या हाताखाली शिकलो. जेवढं हाताने केलंय तेवढंच सांगतो.

आधी भरीव लाकडाचं. लाकूड स्वतः फार काही सोडत नाही. पाइनला राळेचा वास येतो, काही जणांना तोही सोसत नाही, पण ते वेगळं. लोक फसतात ते पॉलिशमध्ये. सहा वर्षांपूर्वी मी एका घरी सागवानी पलंग दिला. चुरा नाही, प्लाय नाही, कुसू आणि खाचा करून जोडलेला, खिळासुद्धा मोजका. त्याला मेलामाईन पॉलिशचे दोन हात मारले आणि तिसऱ्या दिवशी पोचवला. रात्री अकराला त्यांचा फोन, डोळ्यांतून धारा लागल्यात म्हणून. मला आधी पटेना. मग कुणीतरी समजावलं की मेलामाईन पॉलिश हे मुळात फॉर्माल्डिहाइड या डोळ्यांना झोंबणाऱ्या वायूपासूनच बनतं, त्यात आम्लाचा हार्डनर घातला की ते घट्ट होतं, आणि घट्ट होताना तोच वायू बाहेर टाकतं. एक-दोन दिवस नाही, कित्येक आठवडे. कारखान्यात माझेही डोळे वीस वर्षं पाणावायचेच. मला वाटायचं हा धंद्याचाच भाग.

आता झोपायच्या खोलीचं काम असेल तर मी पाण्याच्या बेसचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश मारतो, नाहीतर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फडक्याने चढवतो. स्पिरिट उडून गेलं की लाखेला वास राहत नाही. तिचा दोष एवढाच की ओला पेला ठेवला की पांढरं कडं उमटतं. जवसाचं तेलही चांगलं, पण वाळायला फार दिवस घेतं आणि तेवढे दिवस त्यालाही वास असतो. आणि एक, तेलाचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप तापून पेट घेतो. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. विषय नव्हता, पण सांगून ठेवलं.

मरीन प्लायचं तुमचे सुतार खोटं बोलत नाहीत. तो फिनॉल-फॉर्माल्डिहाइडच्या गोंदाने चिकटवतात. नावात तिथेही फॉर्माल्डिहाइड आहे, पण तो गोंद एकदा बसला की सहसा सुटत नाही. साध्या कमर्शियल प्लायचा गोंद युरिया-फॉर्माल्डिहाइडचा, तो वायू सोडत राहतो. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डातही बहुतेक करून तोच असतो. पण आमच्या धंद्यातली गोम सांगतो: जिथे दिसतं तिथे मरीन, जिथे दिसत नाही तिथे कमर्शियल. ड्रॉवरचा तळ, हेडबोर्डची मागची बाजू, गादीखालचा तक्ता, कपाटाची पाठ. गिऱ्हाईक हात फिरवतं ते वरच्या लॅमिनेटवर. तेव्हा माल येईल त्या दिवशी घरी थांबा आणि कापायच्या आधी प्रत्येक शीटवरचा शिक्का बघा. कापल्यावर शिक्का कुठल्या तुकड्यावर गेला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

लॅमिनेट कशाने चिकटवणार तेही विचारा. पिवळं रबर सोल्युशन लावलं तर काम पटकन होतं, पण त्यातला सॉल्व्हंट दिवसेंदिवस नाकात जातो. पांढरा गोंद लावून दाबून ठेवलं तर रात्र जाते. सुतार कुरकुर करेल. करू द्या.

आणि माझं ऐकाल तर पेटीचा पलंग नकोच. सहा बाजूंनी बोर्ड, आत हवा कोंडलेली, आणि त्या पेटीच्या झाकणावर मूल झोपवायचं. चार पाय, चार बाजू, मधे लाकडी पट्ट्या, वर गादी. बोर्ड जेवढा कमी तेवढी कटकट कमी.

सावली

वाचतेय. तोपर्यंत खोलीत स्नेक प्लांटच्या दोन-तीन कुंड्या ठेव आणि कपाटात अॅक्टिव्हेटेड चारकोलच्या पिशव्या. आमच्याकडे खूप फरक पडला.

परीक्षानळी

बरेच दिवस फक्त वाचक होतो, हा धागा बघून राहवलं नाही. मी बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढली. रोज सकाळी आदल्या पाळीच्या बोर्डाचे २५ मिलिमीटरचे चौकोन कापायचे, टोल्युइनमध्ये उकळायचे, निघणारा वायू पाण्यात धरायचा आणि त्यात रसायन घालून पिवळा रंग किती गडद येतो ते यंत्रात मोजायचं. पर्फोरेटर म्हणतात त्याला. रंग गडद आला की त्या दिवशी उत्पादन विभागाशी माझं भांडण ठरलेलं.

भांडण कशावरून ते सांगतो, म्हणजे तुमचं कपाट कळेल. युरियाच्या एका रेणूमागे फॉर्माल्डिहाइडचे किती रेणू, यावर गोंदाचा सगळा खेळ. जुन्या काळी ते १.६ किंवा त्याहून जास्त असायचं. आज चांगले कारखाने जवळपास एकास एकवर आलेत. फॉर्माल्डिहाइड कमी केलं की गोंद हळू पिकतो, प्रेस जास्त वेळ बंद ठेवावी लागते, दिवसाला बोर्ड कमी निघतात. म्हणजे तुमच्या मुलीच्या डोळ्यांतलं पाणी आणि प्रेसचा वेग यांचा थेट संबंध आहे.

लोकांना वाटतं की गोंदात उरलेला वायू एकदा उडून गेला की संपलं. पहिल्या काही महिन्यांत तसंच होतं, आलेख झपकन खाली येतो. पण युरियाच्या गोंदाचं दुखणं असं की हवेतला ओलावा त्याचे बंध तोडत राहतो आणि नवा वायू सुटत राहतो, वर्षानुवर्षं, थोडा थोडा. उष्णता त्याला हात देते. ढोबळमानाने तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की सुटणारा वायू दुपटीच्या आसपास जातो. चार दिवस बंद, तापलेली, दमट खोली म्हणजे तुम्ही नकळत केलेला प्रयोगच आहे. तुमचं नाक बरोबर होतं. मात्र उलटं धरू नका. नाक सरावतं, आणि वास येईनासा झाला म्हणजे वायू संपला असं नाही.

आता स्टिकर. ओ आणि शून्य वाचून मोठ्याने हसलो. ई वन ही बोर्डातून किती वायू सुटतो त्याची युरोपची श्रेणी, चाचणीच्या बंद कक्षात घनमीटर हवेमागे जास्तीत जास्त ०.१२४ मिलिग्रॅम. ई झीरो नावाची श्रेणी युरोपच्या मानकात नाहीच. चीनने २०२१ मध्ये केलेल्या वर्गवारीत आहे: ई वन ०.१२४, ई झीरो ०.०५०, आणि त्याहून कडक ईएनएफ ०.०२५. जपानमध्ये एफच्या पुढे तारे असतात, चार तारे सगळ्यात चांगले. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने दुसऱ्या टप्प्यात प्लायला ०.०५, पार्टिकल बोर्डाला ०.०९ आणि एमडीएफला ०.११ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे किती भाग) अशी मर्यादा घातली आणि २०१० च्या कायद्याने तीच देशभर लागू करायचं ठरलं. युरोपीय संघात ऑगस्ट २०२६ पासून फर्निचरला ०.०६२ मिलिग्रॅम, म्हणजे जुन्या ई वनच्या निम्मं.

इथे एक खड्डा आहे. पीपीएम आणि मिलिग्रॅम ही दोन वेगळी मापं. फॉर्माल्डिहाइडचा एक पीपीएम म्हणजे सुमारे १.२३ मिलिग्रॅम प्रति घनमीटर. त्यामुळे ०.११ हा आकडा ०.१२४ पेक्षा लहान दिसतो, पण मिलिग्रॅममध्ये केला तर ०.१३५ होतो. शिवाय चाचण्यांच्या पद्धती वेगळ्या, म्हणून आकडे समोरासमोर ठेवून तुलना करायची तर जपून. सांगायचं एवढंच की अक्षर-आकडा एकटा निरर्थक असतो. कोणत्या मानकाचा, बोर्ड कोणत्या कारखान्याचा, चाचणी कोणत्या प्रयोगशाळेने कधी केली, हे तिन्ही कागदावर असेल तर बोला. तुमच्या स्टिकरवर आहे ते पानाचं चित्र.

आणि बोर्ड पास झाला म्हणजे खोली पास झाली असं नाही. हे दुकानदाराला सोडा, आमच्या व्यवस्थापकांनाही मी शेवटपर्यंत पटवू शकलो नाही. ई वनच्या कक्षात घनमीटर हवेमागे एक चौरस मीटर बोर्ड असतो, २३ अंश तापमान, ४५ टक्के आर्द्रता, आणि तासाला एकदा सगळी हवा बदलते. तुमची खोली घ्या. दहा बाय नऊ, उंची दहा धरली तर सुमारे २५ घनमीटर. तीन दारांच्या कपाटाचे तक्ते दोन्ही बाजूंनी मोजले, आतले खण, उभ्या फळ्या, पाठ धरून, तर माझ्या हिशोबाने ३० चौरस मीटरच्या आसपास जातं. म्हणजे एकट्या कपाटाने कक्षाएवढी गर्दी केलीच. त्यात रात्री खिडकी बंद, हवा तासाला एकदाही पुरती बदलत नाही, आर्द्रता ४५ च्या बरीच वर. जागतिक आरोग्य संघटनेची घरातल्या हवेची मर्यादा अर्ध्या तासाच्या सरासरीला ०.१ मिलिग्रॅम आहे. लॅमिनेट बरंच अडवतं म्हणून निभावतं. जिथे लॅमिनेट नाही ती जागा शोधा. बॅटरी घेऊन मागे बघा आणि इथे लिहा.

आळसोबांना एक. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर अमेरिकेत बेघर झालेल्यांना सरकारने ट्रेलरची घरं दिली. जागा लहान, हवा कोंडलेली, बोर्ड भरपूर. डोळे, नाक, घसा, दमा अशा तक्रारी येत राहिल्या. तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने २००७-०८ च्या हिवाळ्यात ५१९ घरं तपासली. सरासरी ७७ पीपीबी (पीपीबी म्हणजे पीपीएमचा हजारावा भाग) आली, काहींमध्ये ५९० पर्यंत. तुमच्या पिढीची घरं बहुधा फटीफटींची होती, म्हणून झोप लागली.

कॅन्सरचा प्रश्न येईलच म्हणून लिहितो: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइड पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातलं. आधार मुख्यतः कारखान्यांत वर्षानुवर्षं ते हुंगणाऱ्या कामगारांचा, म्हणजे माझ्यासारख्यांचा. एका कपाटाने घरभर हाहाकार माजवायची गरज नाही. पण मुलाचे डोळे चुरचुरतात हे कारण पुरेसं आहे.

परीक्षानळी

सावली, तुमचं राहिलं. झाडांची गोष्ट निघाली १९८९ च्या नासाच्या अभ्यासातून, आणि तो हवाबंद छोट्या कक्षात केला होता. २०१९ मध्ये अशा सगळ्या अभ्यासांचा पुन्हा हिशोब मांडला गेला. इमारतीत एरवी जी हवा खेळते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील असं निघालं. पलंग झाडावर टांगावा लागेल. साधा चारकोलही या वायूला फारसा धरत नाही, त्यावर खास रसायन चढवलेलं असेल तर गोष्ट वेगळी. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रातला हेपा फिल्टर धूळ पकडतो, वायू नाही. तुम्हाला फरक पडला तो बहुधा तेवढ्या महिन्यांत आलेख खाली आला म्हणून. झाडं ठेवा, छान दिसतात.

सावली

:-( माझी झाडं रुसली. पण दहा ते हजार वाचून मीही हसले.

कुशीबदल

परीक्षानळीकाका, काल रात्री लेक झोपल्यावर बॅटरी घेऊन मागे शिरले.

पाठीचा तक्ता आतून पांढरा गुळगुळीत, आणि भिंतीकडची बाजू उघडी, तपकिरी. नख लावलं तर भुसा. माथ्याच्या तक्त्याची मागची कड उघडी. खालच्या तक्त्याच्या पोटाला काहीही नाही. आणि मुख्य म्हणजे भोकं! खण वरखाली करता यावेत म्हणून आत उभ्या रांगांनी पाडलेली. मोजली. ९६. त्यातली वापरात २०. म्हणजे ७६ उघडी तोंडं सात महिने माझ्या लेकीच्या कपड्यांवर फुंकर घालतायत.

एक मूर्ख प्रश्न. हवेतलं फॉर्माल्डिहाइड दाखवणारं छोटं यंत्र मिळतं, ते मागवू का? आणि कपाट वाचवता येईल का?

परीक्षानळी

मूर्ख अजिबात नाही. पण स्वस्त यंत्र अत्तरालाही घाबरतं आणि स्पिरिटच्या फडक्यालाही. आकडा बघून तुमची झोप उडेल आणि तो आकडा कशाचा ते कळणार नाही. खरंच मोजायचं असेल तर नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवायची नळी मिळते, ते करा.

कपाट वाचेल. पण आधी त्या खोलीतून काढा. जिथे कुणी झोपत नाही आणि हवा खेळते अशा जागी न्या. खण, ड्रॉवर सगळं सुटं करून उघड्यावर ठेवा. खोली तापवून वायू पळवायचे प्रयोग लोक करतात, मी सुचवणार नाही, कारण खिडक्या नीट उघडल्या नाहीत तर तोच वायू पडद्यांत आणि गादीत जाऊन बसतो. मग उघड्या बाजू बंद करा. कशाने ते रंधा सांगतील.

रंधा

लाख. पातळ केलेल्या चपड्याचे तीन हात, मधे वाळू द्यायचं, हलका पॉलिश पेपर मारायचा. चुऱ्याची कड पहिला हात पिऊन टाकते, घाबरायचं नाही. कडांना वरून एज बँड, म्हणजे कड झाकायची पट्टी, लावला तर उत्तम. भोकांना प्लास्टिकच्या टोप्या मिळतात, हार्डवेअरवाल्याकडे वजनावर. पाठीच्या तक्त्याची भिंतीकडची बाजू विसरू नका, सगळ्यात मोठी तीच. सगळा वायू थांबेल असं सांगत नाही, पण बराच आवरतो.

निद्रापती

पलंगाचं एवढं चाललंय आणि गादीचं कुणीच बोललं नाही! मूल लाकडावर झोपत नाही, गादीवर झोपतं. फोमची घेणार असाल तर सर्टिपूर किंवा ओइको-टेक्स या प्रमाणपत्राचा क्रमांक बघा आणि तो क्रमांक त्यांच्या साइटवर टाकून खरा आहे का ते तपासा. कुणाची जुनी फोमची गादी फुकट मिळत असेल तर नको म्हणा. आग पसरू नये म्हणून तेव्हा फोममध्ये घालायचे त्यातली काही ब्रोमीनची रसायनं २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत गेली. नवी गादी प्लास्टिकमधून काढून चार-पाच दिवस उभी करून हवेवर ठेवा. कापसाची असेल तर यातलं काही नको, फक्त पिंजून घ्या.

कुशीबदल

गादी कापसाचीच आहे, सुटले.

मीठभाकर

जुना पलंग का नाही घेत? आजीच्या माळ्यावरचा. त्यातून जे उडायचं ते केव्हाच उडालं.

रंधा

भरीव लाकडाचा आणि नुसत्या पॉलिशचा असेल तर त्यासारखं दुसरं नाही. रंगवलेला असेल तर थांबा. जुन्या तेलरंगांत शिसं असायचं. वर नवा रंग मारलात तर एक वेळ चालेल, पण घासायला घेतलात तर ती धूळ घरभर जाते आणि मुलांना फार वाईट. माझ्याकडे कुणी असा पलंग घासायला आणला तर मी परत पाठवतो.

कुशीबदल

पाच आठवड्यांनी येतेय. झालं ते सांगते, अर्धवट धागे मलाही आवडत नाहीत.

भरीव लाकडाचा तयार पलंग नाहीच जमला. सुतारकाकांना रंधा यांचा प्रतिसाद अक्षरशः वाचून दाखवला. ते "दिसत नाही तिथे कमर्शियल" या वाक्यापाशी जरा खोकले. मग ठरलं ते असं: पाय, बाजू आणि पट्ट्या भरीव लाकडाच्या, फक्त हेडबोर्ड प्लायचा, ड्रॉवर नाहीत. ड्रॉवर काढल्यामुळे जे वाचलं त्यात लाकूड बसलं, हे मला आधी सुचायला हवं होतं.

माल आला त्या दिवशी मी रजा घेऊन घरी. दोन शीट होत्या. एकीवर शिक्का, कारखान्याचं नाव, मानकाचा क्रमांक, सगळं. दुसरी कोरी. "ही मागे लागेल ताई, भिंतीकडे, दिसणार नाही." मी म्हटलं, काका, दिसण्यासाठी नाही करत आहोत. गेली परत. पांढऱ्या गोंदावरून अपेक्षेप्रमाणे कुरकुर झाली, हेडबोर्ड रात्रभर चार दगड आणि माझ्या शब्दकोशाच्या सहा खंडांखाली दाबून ठेवला. कोश पहिल्यांदाच एवढा कामाला आला. पॉलिश पाण्याच्या बेसचं. मग पलंग तीन आठवडे गॅलरीतच उभा केला होता. लेक रोज जाऊन त्याला हुंगून यायची आणि दहापैकी गुण द्यायची. चारपासून सुरुवात झाली होती, नऊ पडल्यावर आत घेतला.

कपाट आता बाहेरच्या बोळात आहे. लाखेचे तीन हात मी स्वतः मारले, रंधा, पहिला हात खरंच पिऊन टाकला त्याने. ७६ भोकांपैकी ७२ ना टोप्या बसवल्या. उरलेली चार लेकीने देत नाही म्हणून सांगितलं, तिथे तिचे खडू उभे राहतात. परवा मुद्दाम एक सदरा धुऊन दोन दिवस आत बंद करून ठेवला. वास आहे, पण आता नाक अगदी लावावं लागतं. डोळ्यांची तक्रार तिने पलंग आल्यापासून केलेली नाही, पण कपाट बाहेर गेलं आणि पलंग आत आला हे एकाच आठवड्यात झालं, तेव्हा श्रेय कुणाला ते काका ठरवतील.

परीक्षानळी

कपाट बाहेर गेलं त्याला. सहा महिन्यांनी कडा पुन्हा बघा, लाखेला बारीक तडे जातात.

रंधा

हेडबोर्डाच्या मागच्या कडा बंद केल्या का?

कुशीबदल

केल्या. सुतारकाकांनी माझ्यासमोर केल्या, आणि केल्यावर मला बॅटरी आणून दिली.

ता. क. परवा त्या दुकानावरून जात होते म्हणून आत डोकावले. ओ आणि शून्याची चूक मी त्या मुलाला तेव्हाच सांगितली होती. त्यांनी स्टिकर नवीन छापलेत. आता ईपुढे व्यवस्थित शून्य आहे, पान आहे तसंच आहे, आणि खाली क्रमांक अजून नाही.